ब्रोशरमधला सूर्य

आमच्या घरी दिवसा दिवा लावणं हा गुन्हा होता. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, राहायला दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, तेही तळमजल्याचं, आणि त्यातलं स्वयंपाकघर मागच्या अंगाला. स्वयंपाकघराला खिडकी होती, नाही असं नाही. पण तिच्यासमोर शेजाऱ्यांचा कूलर होता, कूलरच्या मागे कडुनिंब आणि कडुनिंबाच्या मागे कंपाउंडची भिंत. या सगळ्यांतून वाट काढत जो काही उजेड आत यायचा त्यात डाळ कुठली आणि तांदूळ कुठले एवढंच कळायचं.

आई पहाटे उठून दिवा लावायची. बाबा आंघोळीला जाताना स्वयंपाकघरावरून जायचे आणि त्यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. नजर वर्तमानपत्रात, खांद्यावर टॉवेल, आणि हात बटणावर. टक. "दिवसाढवळ्या दिवा कशाला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मग आई तांदळाचं ताट उचलायची आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन खडे निवडत बसायची. मी चिडून पुन्हा दिवा लावला की म्हणायची, "असू दे गं, कशाला सकाळी सकाळी." मला दोघांचाही राग यायचा. त्यांचा बंद करण्याचा आणि तिचा उठून जाण्याचा.

बाबांची निवृत्ती जवळ आली तेव्हा क्वार्टर सोडावं लागणार म्हणून घर घ्यायची बोलणी सुरू झाली. पुण्याला परत जायचं की इथेच राहायचं, यावर बरेच दिवस काथ्याकूट झाला. शेवटी माझी नोकरी नोएडात, म्हणून नोएडाच ठरलं. किती खोल्या, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, सगळं बाबांनी ठरवलं. आईला विचारलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली.

"मला स्वयंपाकघरात सकाळचं ऊन पाहिजे. ज्याचं बटण यांच्या हातात नाही असा उजेड."

बाबा मनापासून हसले. त्यांना वाटलं, ती विनोद करतेय.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी नोएडात ऊन बनवायचं काम करत होते. म्हणजे अगदी शब्दशः. आमचा स्टुडिओ एका बेसमेंटमध्ये होता, जिथे स्वतः सूर्याने यायचं ठरवलं असतं तरी त्याला जिना उतरावा लागला असता. तिथे ट्यूबलाइटखाली बसून आम्ही पाच-सहा जण बिल्डरांसाठी न बांधलेल्या घरांच्या आतली चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायचो. ही चित्रं ब्रोशरमध्ये छापली जायची. त्या वर्षांत आमच्या भागात घरं आधी विकली जायची आणि मग बांधली जायची. मधल्या काळात गिऱ्हाइकाच्या हातात असायचं ते आमचं चित्र.

काय घरं होती ती! कॅलेंडर नाही, गॅसचा सिलिंडर नाही, वाळत घातलेला टॉवेल नाही, इन्व्हर्टर तर नाहीच. डायनिंग टेबलावर काचेच्या वाडग्यात सफरचंदं, तीही हिरवी, आणि ती कधी कोणी खाल्लेली मी पाहिली नाहीत. ट्यूबलाइट लावायला बंदी होती. अख्खा उत्तर भारत ट्यूबलाइटखाली जेवतो, पण आमच्या चित्रात ती दिसली की बॉस म्हणायचा, "यार, ये क्या राशन का दफ़्तर बना दिया?" त्याऐवजी खिडकीतून भरदुपारचं ऊन आत येत असायचं आणि तरीही घरातला प्रत्येक दिवा चालू. छतात दिवे, पडद्यामागे दिवे, पलंगाखालीसुद्धा दिवे. बाबांनी त्या चित्रात पाऊल टाकलं असतं तर बटणं बंद करता करता त्यांना धाप लागली असती.

आणि हे सगळं चालायचं कुठे, तर जिथे दिवसातून तीनदा लाइट जायची तिथे. बाहेर जनरेटर धूर ओकतोय, खाली आम्ही झुंबरं उजळतोय. चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवावा लागायचा. सकाळी चार्टर्ड बसमधून उतरून यावं तर जनरेटर कधीतरी बंद पडलेला आणि झुंबर अर्धंच लागलेलं.

सुरुवातीला आम्ही उजेड हाताने शिंपडायचो. सोफ्यामागे एक दिवा, फुलदाणीमागे एक, कोपऱ्यात दोन. दिसायचा फक्त उजेड, दिवा कुठेच नाही. मग एके दिवशी बॉस कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आला आणि एक शब्द शिकून आला, 'रिअलिस्टिक'. सोबत नवं सॉफ्टवेअरही घेऊन आला. ते खरंच हुशार होतं. त्याला फक्त सूर्य कुठे आहे, खिडकी केवढी आणि भिंती कुठल्या रंगाच्या एवढं सांगायचं. मग ऊन आत येऊन फरशीवर पडणार, तिथून उसळून भिंतीवर, भिंतीवरून छतावर, हा सगळा हिशेब ते स्वतः करायचं. लाल सोफ्याची लाली शेजारच्या भिंतीवर चढायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

त्या सॉफ्टवेअरवर मला पहिलं काम मिळालं ते नोएडाच्या एका नव्या सेक्टरात होऊ घातलेल्या टॉवरांचं. मी उत्साहात अख्खी कॉलनी आत घातली. जिथे जो टॉवर नकाशात आहे तिथे तो, तेवढ्याच उंचीचा. उत्तर दिशा खरी, सूर्य खरा, वेळ सकाळची. चित्र किचनचं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर किचनमध्ये अंधार. किचन पूर्वेला होतं हे खरं, पण पूर्वेला समोरचा टॉवरही होता, तोही हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. डावीकडच्या भिंतीवर थोडा निळसर कवडसा होता, बाकी सगळं करडं.

बॉस मागे येऊन उभा राहिला. "ये क्या है? कोयले की खान?"

"सर, रिअलिस्टिक है."

"रिअलिस्टिक चाहिए यार, सच्चा थोड़ी चाहिए." मग त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ये सामनेवाला टावर हाइड कर दो."

हाइड म्हणजे पुसायचं नाही, फक्त दिसेनासं करायचं. मी एक बटण दाबलं आणि चौदा मजले गेले. ऊन तडक आत आलं, ओट्यावर पसरलं, हिरव्या सफरचंदांवर चमकलं. बॉस खूश झाला. "बिल्कुल! अब लग रहा है ना रिअलिस्टिक."

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी बाबा कस्तुरबा गांधी मार्गावरून घरी आले ते एखादी लढाई जिंकल्यासारखे. तिथल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात दर रविवारी दिल्लीतले मराठी बाबू लोक जमायचे. साबुदाणा वडा खायचा, शिळी मराठी वर्तमानपत्रं चाळायची आणि कोणाची बदली कुठे झाली ते बोलायचं. त्या रविवारी कोणीतरी वड्यांच्या बशा बाजूला सारून टेबलावर ब्रोशर पसरलं होतं. सगळ्यांनी चटणीच्या बोटांनी नकाशा तपासला आणि किचन पूर्वेला आहे यावर एकमत झालं. एवढ्या सगळ्या सरकारी अधिकाऱ्यांचं एकमत होतं म्हणजे काय गंमत आहे!

बाबांनी ब्रोशर आईसमोर उघडलं. मी चहा घेत होते. चित्र पाहिलं आणि चहा नाकात गेला.

आईने ओट्यावरच्या उन्हावर बोट ठेवलं, जणू ते कोमट लागेल. "अहो, हे सकाळचं ऊन आहे ना?"

"पूर्व म्हणजे सकाळचंच. संध्याकाळचं कसं येईल?" बाबा म्हणाले.

"आई, ते ऊन मी टाकलंय," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा अंधार आला होता, समोर टॉवर आहे, बॉसने तो लपवायला लावला, मी लपवला. अगदी बटण कसं दाबलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता विषय संपला. चित्र काढणारीच समोर बसून सांगतेय की चित्र खोटं आहे, यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे?

बाबा शांतपणे म्हणाले, "हे कॉम्प्युटरने काढलंय की हाताने?"

"कॉम्प्युटरने, पण..."

"मग झालं तर. रेल्वेचं रिझर्वेशन कॉम्प्युटरने होतं, कधी चुकलंय? माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही."

बाबांच्या मंत्रालयात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र एसी खोली मिळाली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. बाबांना स्वतःला एसी कधी मिळाला नाही. तेव्हापासून त्यांची त्या यंत्रावर जी श्रद्धा बसली ती बसली. आणि माझ्याबद्दल म्हणाल तर, ज्या पोरीचा कॉलेजात असताना दोनदा बसचा पास हरवला तिचं ऐकून कोणी घर घेणं सोडतं का?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून ते पहिलं, अंधारं चित्र छापून आणलं. म्हटलं, हेही कॉम्प्युटरनेच काढलंय, याच्यावर तरी विश्वास ठेवा. बाबांनी चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला आणि निकाल दिला.

"शाई संपलीय."

"बाबा, शाई नाही संपलेली. उजेड संपलाय!"

"उगाच अक्कल पाजळू नकोस. प्रिंटरला शाई घाला म्हणावं."

मी कागद आईपुढे धरला. तिने मात्र तो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, हिला पटलंय. मग ती म्हणाली, "हे तर आपलंच स्वयंपाकघर वाटतंय." आणि कागद पालथा घालून माझ्याकडे सरकवला. "नको बाई हे. ते दुसरं दाखव." ब्रोशर तिच्या मांडीवरच होतं.

माझं डोकं फिरलं. मी त्या दिवशी जेवले नाही. आपल्याच आईला ऊन दाखवणारी मी आणि ते खोटं आहे म्हणून ओरडणारीही मीच, आणि तिचा विश्वास होता तो पहिलीवर. 'हाइड'चं बटण कोणी शोधून काढलं असेल त्याचे हात मोडावेत असं वाटत होतं.

मग आम्ही जागा पाहायला गेलो. जागा म्हणजे शेत. मोहरी कापून झालेली, मधोमध एक खड्डा, खड्ड्याशेजारी मातीचा ढीग आणि ढिगावर बिल्डरचा झेंडा. बाबांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि ढिगावर चढून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. ऊन नुसतं सांडलेलं होतं.

"बघ! उजेडाला काही तोटा आहे का?"

"बाबा, इथे अजून काहीच बांधलेलं नाहीये."

"तेच म्हणतोय मी. किती मोकळं आहे."

बिल्डरच्या तंबूत एक टापटीप मुलगी कोल्ड्रिंक घेऊन आली. मी तिला सरळ विचारलं, किचनसमोर टॉवर येणार ना? ती इतकं गोड हसली की मलाच लाज वाटावी. "नहीं मैम, सामने तो ओपन ग्रीन है. देखिए ना." आणि तिने पुरावा म्हणून ब्रोशर उघडून माझंच चित्र माझ्यासमोर धरलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता तरी बोल. मी कोल्ड्रिंक प्यायले. आई तोवर बाहेर उन्हात उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. तिचा चेहरा पाहिला आणि मी पुढचा प्रश्न सोडून दिला. त्याच दिवशी बुकिंग झालं.

घर मिळायला, सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची मुदत वाढवून घेतली, ती संपली, तेव्हा कुठे चाव्या हातात पडल्या. आणि ओपन ग्रीनच्या जागी अर्थातच टॉवर उभा होता. इतका जवळ की समोरच्यांनी राजमा भिजत घातलाय की छोले ते आमच्या ओट्यावरून दिसायचं.

आई किचनच्या दारात उभी राहिली. मी तिच्या मागे. डावीकडच्या भिंतीवर निळसर कवडसा, बाकी सगळं करडं. ते अंधारं चित्र जसंच्या तसं. माझ्या आयुष्यात माझं कुठलंही काम इतकं हुबेहूब उतरलं नव्हतं, आणि मला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं.  आईने डबे लावायला घेतले.

बाबा मात्र बोलत राहिले. आधी म्हणाले, आभाळ आलंय. मग म्हणाले, धुकं आहे. मग म्हणाले, सूर्य उत्तरायणात सरकला की थेट येईल. सूर्य उत्तरायणात गेला, दक्षिणायनात आला, समोरचा टॉवर मात्र कुठेच सरकला नाही. तरीसुद्धा मी त्यांना माफ केलं असतं. पण एका सकाळी आईने दिवा लावून पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली आणि बाबा टॉवेल घेऊन आंघोळीला निघाले. टक. "दिवसाढवळ्या दिवा कशाला?"

नवं घर, स्वतःचं घर, आणि तोच हात! मी ओरडले. अगदी शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने ओरडले, की बाबा, या घरात दिवस आहेच कुठे? बाबा दचकले, काहीतरी पुटपुटले आणि बाथरूममध्ये गेले. आईने परात उचलली आणि किचनला लागून असलेल्या, कपडे वाळत घालायच्या अरुंद बाल्कनीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ती माझ्या खोलीत आली. हातात ते जुनं ब्रोशर होतं. कडा मऊ झालेल्या.

"हे ऊन तूच टाकलं होतंस ना?"

"हो आई."

"मग टाक."

एवढंच. ना तक्रार, ना टोमणा.  सगळ्या नोएडाला ऊन वाटत फिरणाऱ्या पोरीकडे आईने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

रविवारी मी हॅलोजन आणला, लग्नाच्या मांडवात लावतात तो. ट्यूब नको होती, तिचा उजेड राशनच्या दफ़्तरासारखा दिसतो हे मला बॉसने शिकवलं होतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मैडम, लाइट बाहर लगाओगे तो अंदर क्या दिखेगा?" मी म्हटलं, भैया, लाइट दिसायलाच नको आहे. बाल्कनीच्या छताजवळ, आतून नजरेला येणार नाही अशा कोपऱ्यात तो बसवला. खिडकीच्या काचेला दुधी कागद चिकटवला. मग ब्रोशर हातात धरून कोन जुळवत बसलो. चित्रावरून खोली बनवायची ही उलटी मजुरी मी आयुष्यात एकदाच केली. थोडा वर, थोडा डावीकडे, अजून थोडा. आणि मग ऊन ओट्यावर आलं. चित्रात होतं तिथेच.

दोन दिवसांनी समोरच्या टॉवरमधली बाई खिडकीतून ओरडली, "आंटीजी, आपका सूरज हमारे बेडरूम में आ रहा है!" मग पत्र्याची एक झापड लावली. दिव्याचं बटण मी किचनच्या आत, ओट्याच्या उजवीकडे बसवून घेतलं होतं, आईच्या हाताशी.

झापड लागल्याच्या दुसऱ्या सकाळी आई ओट्याशी तांदूळ निवडत उभी होती. ताटात ऊन पडलेलं, तांदळाचा दाणा न् दाणा दिसत होता. मी टेबलाशी चहा पीत होते. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून आले. हात आत गेला, चाचपडत नव्या बटणापर्यंत पोचला. टक.

किचन करडं झालं. मी खुर्ची मागे सारून उठले, पण आईने माझ्याकडे न पाहताच हात वर केला, थांब म्हणून. ताट उचललं नाही. उंबऱ्याकडे गेली नाही. जागची हललीसुद्धा नाही.

"दिवसाढवळ्या..." बाबांनी सुरुवात केली.

"तो दिवा नाही," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "सकाळचं ऊन आहे. पूर्वेचं आहे, तुम्ही होकायंत्र लावून पाहिलंय. कॉम्प्युटरने काढलंय, चुकायचं नाही. लावा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

मग त्यांनी बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. आईने ताट जरा उजेडाकडे ओढलं आणि पुढचा खडा शोधायला लागली.